पंधरा ऑगस्टची शिल्लक

पंधरा ऑगस्टला बँक बंद, हे गिऱ्हाइकांपुरते खरे. आम्ही कर्मचारी मात्र सकाळी साडेसातलाच शाखेपाशी हजर असायचो. शिपायाने आदल्या संध्याकाळी दोरी ओढून पाहिलेली असली, तरी ऐन वेळी झेंड्याची गाठ सुटेल ना, या धास्तीने मॅनेजरच्या कपाळावर घाम असायचा. मग राष्ट्रगीत, कागदी बशीत दोन जिलब्या, मूठभर चिवडा आणि घरी. त्या जिलबीबरोबर मला दरवर्षी हटकून एका माणसाची आठवण यायची. त्याच्याविषयी आमच्या घरात एके काळी फारसे चांगले बोलले जात नसे. तो माणूस म्हणजे चिंतामणराव देशमुख.

माझ्या वडिलांनी बेचाळीसच्या चळवळीत, शाळकरी वयात, चोरून बुलेटिने वाटली होती. त्यांच्या लेखी त्या काळातल्या माणसांचे दोनच वर्ग होते. एक सरकारशी झगडणाऱ्यांचा आणि दुसरा सरकारची चाकरी करणाऱ्यांचा. चिंतामणराव दुसऱ्या वर्गात. वर १९४४ साली त्यांना सर ही पदवी मिळालेली. वडिलांच्या दृष्टीने विषय तिथेच संपत असे.

माझा मात्र बँकेत लागल्यावर सुरू झाला.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. रायगड तिथून फार लांब नाही. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात बक्षीस, पुढे १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीस वर्षे कारभार केल्यावर १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म त्याच परिषदेतला.

आता १५ ऑगस्ट १९४७ चा शुक्रवार डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावर गुलाल, मिठाई, बँड. पण लोकांच्या खिशातल्या नोटेवर अजून इंग्लंडच्या राजाचाच चेहरा, आणि बहुतेक नव्या नोटांवर त्या चेहऱ्याच्या सोबतीला सही कोकणातल्या या माणसाची. झेंडा एका क्षणात बदलता येतो, चलन बदलता येत नाही. बाजार दुसऱ्या दिवशीही उघडायचा असतो, पगार व्हायचे असतात, आणि हातातला कागद कालच्याइतकाच खरा आहे असा विश्वास दुकानदाराला वाटायला हवा असतो.

त्यात वाटणी. भावाभावांत घर वाटले गेले की भांड्यांची यादी करताना काय होते, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. इथे तर तिजोरीच वाटायची होती. काही महिने रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान अशा दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहणार होती. भारताच्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापून, १ एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चालवल्या गेल्या. सरकारी शिल्लकेतून पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी ठरले होते. त्यांतले २० कोटी सुरुवातीलाच दिले गेले. उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडले आणि जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींचे उपोषण सुरू असताना, ते देण्याचा निर्णय झाला. दोन्ही बाजूंचा संशय वाढत होता. सप्टेंबरअखेर संपायची ती व्यवस्था ३० जूनलाच संपली. एका खुर्चीत बसून भांडणाऱ्या दोन घरांचा हिशेब सांभाळायचा, हे काम चिंतामणरावांच्या वाट्याला आले होते.

शाखेत एखाद्या संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी जुळली नाही, तरी आमचा जीव टांगणीला लागायचा. त्या वर्षाच्या ताळमेळाची कल्पना मला त्यावरून थोडीफार करता येते.

१ जानेवारी १९४९ रोजी भागधारकांची रिझर्व्ह बँक देशाची झाली. त्याच वर्षी एक रुपयाच्या नव्या नोटेवर राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले. मुक्काम हलायला दोन वर्षे लागली, पण तो पडझड न होता हलला.

१९५० साली ते अर्थमंत्री झाले. पुढे भाषावार प्रांतरचनेत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्राच्या ताब्यात देण्याचे ठरले, मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. १९५६ साली चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले आणि राजीनाम्याची कारणे लोकसभेत स्पष्ट सांगितली. जन्मभर शिस्तीत चाकरी केलेल्या माणसाने नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीलाच, ते वारले.

वडिलांनी त्यांना माफ केले ते छप्पन सालासाठी. त्या राजीनाम्याने चाकरीचे सगळे कर्ज फिटले, असे त्यांचे मत अखेरपर्यंत होते. मला मात्र ते कर्ज होते असेच कधी वाटले नाही. बुलेटिने वाटणाऱ्या पोरांनी देश मोकळा केला हे खरेच. पण मोकळ्या झालेल्या देशाची तिजोरी दुसऱ्या सकाळी उघडायला किल्ली कुठे लागते हे ठाऊक असलेले कुणी तरी हवे होते. या मुद्द्यावर आम्हा बापलेकांचे कधी जुळले नाही. वडील गेले, वाद तसाच राहिला.

आता निवृत्तीनंतर मी सोसायटीच्या आवारातल्या झेंडावंदनाला जातो. वडील पुढे उभे राहून खणखणीत आवाजात राष्ट्रगीत म्हणायचे. मी मागे, दोरी धरणाऱ्या वॉचमनच्या शेजारी उभा राहतो. झेंडा वर जाऊन फुले पडेपर्यंत माझे सगळे लक्ष गाठीकडेच असते.