तोफखान्यातला गप्पिष्ट : फ्रेड ट्रूमन

यंदा संपादकांनी मला क्रिकेटवर, पण हलकेफुलके लिहायला सांगितले. विचार करता करता आठवला तो नेमका आपल्या फलंदाजांना रडवणारा माणूस! फ्रेड ट्रूमन.

त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९३१ चा, यॉर्कशायरमधल्या स्टेन्टन गावचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि फ्रेड यांनीही काही काळ खाणीवर नोकरी केली. जून १९५२ मध्ये लीड्सला ते पहिली कसोटी खेळले, तीही हवाई दलातून रजा काढून. भारताच्या दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार बाद! पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावात १३३ धावा काढणारे विजय मांजरेकर, सगळे अवघ्या चौदा चेंडूंत परतले. त्यांतले तीन बळी ट्रूमनचे. चौघांपैकी तिघे मराठी, म्हणून आपल्या घरांतून ही जखम अनेक वर्षे ओली राहिली. हजारे आणि फडकर यांनी शतकी भागीदारी करून अब्रू राखली. पुढे मँचेस्टरला ट्रूमननी ३१ धावांत ८ बळी घेतले आणि आपला संघ एकाच दिवशी दोनदा बाद झाला.

असा गोलंदाज इंग्लंडने डोक्यावर घ्यायला हवा होता. पण त्यांची जीभही चेंडूइतकीच वेगवान. १९५३-५४ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर चांगल्या वर्तणुकीचा बोनस त्यांना नाकारण्यात आला. पुढच्या मोसमात १३४ बळी घेऊनही ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवड झाली नाही. एका मेजवानीत त्यांनी भारतीय मुत्सद्द्याला हिणवून मीठ मागितले, अशी कथा सर्वत्र पसरली. आपण असे कधी बोललोच नाही, असे ते जन्मभर सांगत राहिले. तोंडाळ म्हणून एकदा नाव झाले की दुसऱ्याचे बोलणेही आपल्या खात्यावर जमा होते! तरीही १९६४ मध्ये ओव्हलवर कसोटीत ३०० बळींचा टप्पा गाठणारे ते जगातले पहिले गोलंदाज ठरले. ६७ कसोटींत एकूण ३०७ बळी.

१९६८ मध्ये यॉर्कशायरकडून निवृत्त झाल्यावर त्याच जिभेने त्यांना दुसरे आयुष्य दिले. क्लबांच्या रंगमंचावर ते विनोद सांगू लागले. दूरचित्रवाणीवर हातात पाइप घेऊन डार्ट्ससारख्या बैठ्या खेळांचा कार्यक्रम रंगवू लागले. १९७४ पासून १९९९ पर्यंत बीबीसी रेडिओच्या टेस्ट मॅच स्पेशलवर ते तज्ज्ञ समालोचक होते. आजचे गोलंदाज काय करताहेत ते आपल्याला कळत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. एकेका मोसमात हजारावर षटके टाकलेल्या माणसाला वीस षटकांत दमणारा गोलंदाज पाहून राग यायचा, आणि तो राग ऐकून श्रोत्यांना हसू यायचे. आमच्या वेळी असे नव्हते, हे पालुपद काहींना कंटाळवाणेही वाटे. ते खोटे कशाला सांगू? पण फलंदाजाच्या पायांची हालचाल पाहून पुढचे ओळखण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच.

मला त्यांचे सर्वांत कौतुक वाटते ते बोलीचे. लंडनी साहेबी इंग्रजीचा दबदबा असलेल्या त्या आकाशवाणीवर खाणकामगाराच्या या मुलाने आपले यॉर्कशायरी हेल कधी टाकले नाहीत. नोकरीधंद्यासाठी घर सोडून परमुलखात आलेल्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दुसऱ्याची भाषा जरूर शिकावी, पण आपल्या बोलीची लाज वाटू देऊ नये.

१ जुलै २००६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. लीड्सच्या त्या शून्यावर चारची आठवण अजूनही बोचते. पण इतकी वर्षे लोकांना हसवणाऱ्या माणसावर राग धरायचा तरी किती?