दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर

परक्या भाषेचें दार उघडावयाचें झाल्यास दोन किल्ल्या लागतात. एक शब्दांची व दुसरी वस्तूंची. ज्यास शब्द पाठ आहेत परंतु ज्या वस्तूविषयीं ते शब्द लिहिले गेले ती वस्तु कधीं नीट पाहिलेली नाहीं, त्याचें वाचन म्हणजे केवळ पोपटपंची होय. आमच्या शाळेंतील विद्यार्थी इंग्रजी पुस्तकांतून पाऊस, वारा, लोहचुंबक, पक्षी व वनस्पति यांविषयींचे धडे वाचतात. कित्येकजण ते धडे घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु त्याच धड्यावरील प्रश्न थोडासा फिरवून विचारला कीं वर्गांत शांतता पसरते! हा अनुभव आम्हांस वरचेवर येतो, आणि अशा प्रत्येक वेळीं एका थोर पुरुषाची आठवण होते. इंग्रजी भाषा व सृष्टिज्ञान या दोहोंची सांगड महाराष्ट्रांत अगदीं आरंभीं ज्यांनीं घातली, त्या बाळशास्त्री जांभेकर यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ सालीं कोंकणांत पोंभुर्लें या खेड्यांत झाला. हें गांव हल्लींच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील देवगड तालुक्यांत आहे. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान् गृहस्थ असून मुलाचें पहिलें शिक्षण त्यांच्याच हाताखालीं झालें. मराठीचें वाचन व संस्कृताचें अध्ययन या दोन्ही गोष्टी बाळशास्त्र्यांनीं घरींच केल्या. पुढें इंग्रजी विद्या शिकण्याच्या ओढीनें ते लहान वयांतच मुंबईस आले. त्या काळीं आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हतें. कोंकणांतून मुंबई गांठणें हीच एक मोठी मजल होती.

मुंबईंत त्यांस सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आश्रय व मार्गदर्शन लाभलें. हे छत्रे मुलांच्या मराठी वाचनाचे एक आद्य उपकारकर्ते होत. त्यांचें ‘बाळमित्र’ हें पुस्तक १८२८ सालीं प्रसिद्ध झालें. मुलांना देशी भाषेंतून व इंग्रजींतून नवें शिक्षण द्यावें या हेतूनें स्थापन झालेल्या बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे ते एतद्देशीय चिटणीस होते. याच सोसायटीच्या शाळेंत बाळशास्त्री इंग्रजी व गणित शिकले.

येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा. आज इंग्रजी शब्द अडला तर हाताशीं कोश असतो, शिक्षक असतात, मोठा भाऊ किंवा बहीण असते. बाळशास्त्री इंग्रजी शिकूं लागले तेव्हां मोल्सवर्थसाहेबांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश निघालेला नव्हता. तो १८३१ सालीं बाहेर पडला. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश तर १८४७ सालीं, म्हणजे बाळशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षानें प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्द काढून त्याचा मराठी अर्थ पाहावा, ही आज पोरासोरांस सहज वाटणारी सोय ज्यास आयुष्यभर त्या कोशाच्या रूपानें मिळाली नाहीं, त्याच पुरुषानें महाराष्ट्रास इंग्रजी विद्येची गोडी लावली! साधनें अपुरीं असलीं तरी बाळशास्त्र्यांची जिज्ञासा अपुरी नव्हती. संस्कृत, मराठी व इंग्रजी यांखेरीज फारशी, गुजराथी, बंगाली, लॅटिन, ग्रीक, फ्रेंच इत्यादि अनेक भाषांत त्यांनीं गति मिळविली.

१८३० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांची सोसायटीच्या कामांत डेप्युटी चिटणीस म्हणून नेमणूक झाली, आणि १८३२ सालीं छत्र्यांच्या मागें ते एतद्देशीय चिटणीस झाले. परंतु १८३२ हें साल महाराष्ट्राच्या स्मरणांत राहिलें तें दुसऱ्याच एका कारणानें. त्या वर्षीं जानेवारी महिन्याच्या ६ तारखेस ‘दर्पण’ नांवाचें पत्र मुंबईंत सुरू झालें. मराठी भाषेंतील हें पहिलें वृत्तपत्र होय. प्रारंभीं तें पंधरवड्यानें निघे. त्याच वर्षीं ४ मेपासून दर शुक्रवारीं निघूं लागलें. संपादक बाळशास्त्री त्या वेळीं ऐन विशींत होते.

‘दर्पणा’ची रचना लक्षांत ठेवण्यासारखी होती. प्रत्येक पानाचे दोन उभे भाग पाडलेले असत. एका भागांत इंग्रजी मजकूर व त्याच्या शेजारींच मराठी मजकूर. एतद्देशीयांनीं पाश्चात्य विद्यांचा अभ्यास करावा आणि देशाच्या स्थितीविषयीं मोकळ्या मनानें विचार करावा, हा पत्राचा उद्देश होता. तसेंच इंग्रज अधिकाऱ्यांस येथील लोकांचीं मतें कळावीं, हाहि होता. ज्यास इंग्रजी थोडेंसेंच येत असे, तो इंग्रजी स्तंभ वाचतां वाचतां अडला म्हणजे नजर किंचित् बाजूस नेऊन मराठींत अर्थ पाही, आणि पुन्हां इंग्रजीकडे वळे. कोश नसलेल्या काळीं यापेक्षां चांगला शिक्षक कोणता? आरशांत जसें एका मुखाचें दुसरें रूप दिसतें, तसें येथें एका विचाराचें दुसऱ्या भाषेंतील रूप दिसे. दर्पण हें नांव या अर्थानेंहि सार्थ होतें, असें आम्हांस वाटतें.

हें पत्र चालविणें सुखाचें नव्हतें. वाचनाची संवय नसलेला समाज, थोडे वर्गणीदार व दोन भाषांतील दुहेरी मेहनत, या सर्वांचा भार सोसून ‘दर्पण’ सुमारें साडेआठ वर्षें चाललें आणि १८४० च्या जून महिन्यांत बंद झालें. एखादें काम बंद पडलें म्हणजे तें फुकट गेलें, असें समजण्याची आपणांस खोड असते. ‘दर्पणा’ची गोष्ट तशी नव्हे. त्या पत्राच्या कामांत बाळशास्त्र्यांचे सहकारी असलेले गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनीं पुढें १८४१ सालीं ‘प्रभाकर’ पत्र काढलें, आणि १८४८ पासून लोकहितवादींचीं शतपत्रें त्यांतून प्रसिद्ध झालीं. पेरणारा निघून गेला तरी पीक येतें तें असें.

दरम्यान, १८३४ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत सहायक प्राध्यापकाच्या जागेवर बाळशास्त्र्यांची नेमणूक झाली. तो मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय होत. ऑर्लेबार नांवाचे इंग्रज प्राध्यापक तेथें गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत. बाळशास्त्री त्यांच्या बरोबरीनें काम करीत आणि प्रसंगीं त्यांच्या जागीं स्वतः गणित शिकवीत. कुलाब्याच्या वेधशाळेचें कामहि कांहीं काळ त्यांच्याकडे होतें. ही वेधशाळा कंपनी सरकारनें १८२६ सालीं बांधिली होती, व १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं नियमित मोजमापें होऊं लागलीं होतीं. अशा ठिकाणीं ठरल्या घटकेस यंत्रापाशीं हजर राहावें, आंकडा पाहावा, तो जसाच्या तसा टिपून ठेवावा आणि अशा हजारों आंकड्यांतून सृष्टीचा नियम शोधावा, अशी शिस्त लागते. पुस्तकांतील विज्ञान व हातांतील विज्ञान यांमधील अंतर ज्यास कळलें, त्यासच तें इतरांस सांगतां येतें.

‘दर्पण’ बंद होण्याच्या सुमारास, म्हणजे १८४० च्या मे महिन्यांत, बाळशास्त्र्यांनीं ‘दिग्दर्शन’ हें मराठी मासिक सुरू केलें. मराठींतील हें पहिलें मासिक होय. त्यांत भूगोल, इतिहास, गणित, व्याकरण, पदार्थविज्ञान, रसायन व सृष्टिज्ञान या विषयांवरील लेख येत व नकाशेहि दिले जात. ‘दर्पणा’नें वाचकास दोन भाषांच्या मध्यें उभें केलें होतें, ‘दिग्दर्शना’नें त्यास मायबोलीचा हात धरून शास्त्रांच्या दारांत नेलें. आपल्या भाषेंत जी गोष्ट एकदां समजली, ती परभाषेंत वाचतांना अर्धी ओळखीची वाटते, हें मर्म या दोन प्रयत्नांकडे एकत्र पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें.

त्यांनीं शाळांसाठीं पुस्तकेंहि पुष्कळ लिहिलीं. ‘नीतिकथा’, ‘बालव्याकरण’, ‘सारसंग्रह’, ‘इंग्लंड देशाची बखर’ हीं त्यांतील कांहीं होत. ‘शून्यलब्धि’ या नांवानें त्यांनीं उच्च गणितावर मराठी पुस्तक लिहिलें. ज्या गणितांत फरक लहान लहान होत शून्याच्या अगदीं जवळ नेला जातो, त्या गणितास त्यांनीं हें अर्थपूर्ण नांव दिलें. परक्या शास्त्रास आपल्या भाषेंत समर्पक नांव देणें हें केवळ कोशाचें काम नव्हे. ज्यास शास्त्र समजलें आहे त्यासच तें साधतें. शिवाय जुने ताम्रपट व शिलालेख वाचून त्यांवर त्यांनीं एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत इंग्रजींत निबंध लिहिले, आणि १८४५ सालीं ज्ञानेश्वरीची पहिली छापील आवृत्ति काढली. नव्याची ओढ लागली म्हणून त्यांनीं जुन्याकडे पाठ फिरविली नाहीं.

सरकारनें १८४० सालीं त्यांस जस्टिस ऑफ दि पीस नेमिलें. पुढें शाळांची तपासणी व शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापकवर्गाचें काम त्यांजकडे आलें. एकट्या मनुष्याच्या खांद्यावर इतकीं ओझीं! १८४६ च्या मे महिन्यांत मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें चौतीस वर्षांचें होतें. ज्या वयांत आजचा मनुष्य कोठें स्थिरस्थावर होऊं लागतो, त्या वयांत हा पुरुष पहिलें वृत्तपत्र, पहिलें मासिक व अनेक पाठ्यपुस्तकें मागें ठेवून निघून गेला. दादाभाई नौरोजी व डॉक्टर भाऊ दाजी यांसारखे पुढें गाजलेले पुरुष त्यांच्या शिष्यवर्गांत होते. दादाभाई तर पुढें त्याच एल्फिन्स्टन संस्थेंत गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. आज महाराष्ट्रांत ६ जानेवारी हा पत्रकारदिन म्हणून पाळला जातो, तो बाळशास्त्र्यांच्याच स्मरणार्थ.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. आमच्या वर्गांत कोणी घरीं अहिराणी बोलतो, कोणी भिली, कोणी पावरी, कोणी गुजरी. त्यांस शाळेंतील मराठी ही दुसरी भाषा व इंग्रजी ही तिसरी. अशा मुलाच्या हातीं बाष्पीभवनावरील इंग्रजी उतारा आला म्हणजे तो घाबरतो. परंतु त्यास आम्ही विचारतों, बाळ, नंदुरबारच्या आसपास उन्हांत पसरलेल्या मिरचीच्या पथारी तूं पाहिल्यास ना? ओली लाल मिरची कांहीं दिवसांनीं खुळखुळूं लागते, तिच्यांतील पाणी कोठें जातें? ढगाळ दिवशीं ती लवकर कां वाळत नाहीं? एवढें बोलणें झालें कीं तो उतारा त्यास परका राहत नाहीं. तोरणमाळच्या तलावावरचें धुकें, तापीच्या पात्रांतील गाळ, सातपुड्यांतील मोहाचीं फुलें, हीं सर्व आमच्या मुलांचीं न छापलेलीं शास्त्रीय पुस्तकेंच आहेत.

शब्दांच्या बाबतींतहि वस्तूच मदतीस येते. इंग्रजींत ‘बार्क’ म्हणजे कुत्र्याचें भुंकणें व ‘बार्क’ म्हणजे झाडाची साल. ‘स्केल’ म्हणजे नकाशाचें प्रमाण, आणि ‘स्केल’ म्हणजे माशाचें खवलेंहि. ज्यानें एकच अर्थ घोकला आहे तो सागाच्या झाडास भुंकावयास लावील! ज्यानें वाक्य कशाविषयीं आहे हें आधीं पाहिलें, तो फसणार नाहीं.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना अशी कीं, प्रत्येकानें एक ‘दर्पण-वही’ करावी. पानाची मधोमध घडी घालावी. डाव्या बाजूस सृष्टिविषयक इंग्रजी उताऱ्यांतील चारपांच वाक्यें उतरून घ्यावीं. प्रथम सर्व उतारा न थांबतां वाचावा. मग ती वस्तु शेतांत, अंगणांत किंवा आकाशांत डोळ्यांनीं पाहावी. नंतर पुस्तक मिटून उजव्या बाजूस आपल्या शब्दांत अर्थ लिहावा. शेवटीं इंग्रजी बाजू झांकून मराठीवरून तीच वाक्यें पुन्हां इंग्रजींत रचावीं. चुका होतील, त्यांची लाज बाळगूं नये. आठवड्यास एक पान केलें तरी वर्षअखेर होणारा फरक ज्याचा त्यास कळेल.

पालकांसहि एक विनंती आहे. आपणांस इंग्रजी येत नसेल, तर मुलाच्या अभ्यासांत आपला उपयोग काय, असें आपण मनांत आणूं नये. पाऊस केव्हां येणार हें वाऱ्यावरून कसें ओळखावें, कोणत्या जमिनींत कोणतें पीक साधतें, कोणत्या झाडाचा पाला जनावरास चालतो, हें आपणांस ठाऊक आहे. तें मुलास आपल्या घरच्या बोलींत सांगावें. इंग्रजीची किल्ली शाळा देईल, पण वस्तूंची किल्ली बहुधा आपल्याच हातीं आहे. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्या म्हणजे दार उघडतें, हेंच बाळशास्त्र्यांचें चरित्र आम्हांस शिकवितें.