सरहद्दीवरचे निःशस्त्र सैन्य

बंदूक हा दागिना आणि सूड हे व्रत मानणारी जमात, अशी पठाणांची प्रतिमा इंग्रज अधिकाऱ्यांनी जगापुढे उभी केली होती. तीत अतिशयोक्ती असली, तरी पिढ्यान् पिढ्या चालणारी कुळाकुळांतील वैरे खरी होती आणि ती राज्यकर्त्यांच्या पथ्यावरच पडत होती. हीच वैरे मिटवून निःशस्त्र लढ्यासाठी आपला समाज एकत्र आणण्याचे कार्य खान अब्दुल गफारखान यांनी केले.

पेशावरजवळील उतमानझाई या गावी एका सधन जमीनदार घराण्यात १८९० मध्ये त्यांचा जन्म झाला. लष्करातील मानाची नोकरी त्यांनी नाकारली आणि १९१० मध्ये गावातच शाळा काढली. खेडोपाडी शिक्षणाचा प्रसार करणारा हा तरुण सरकारला धोकादायक वाटला. १९२१ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

१९२९ च्या अखेरीस त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना स्थापन केली. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून स्वयंसेवकांनी ते विटकरी रंगात रंगवले. त्यावरून त्यांना ‘लाल डगलेवाले’ हे नाव पडले. त्यांची शपथ मात्र राजकारणापेक्षा घरापासून सुरू होत असे. सूड घेणार नाही, भाऊबंदकीत पडणार नाही, रोज किमान दोन तास समाजसेवा करीन, अशी ती प्रतिज्ञा होती. शेजाऱ्याशी वैर संपल्याखेरीज परकीय सत्तेशी लढता येणार नाही, हे मर्म त्यांनी ओळखले होते. संघटनेची दारे हिंदू व शिखांनाही खुली होती.

कसोटीचा क्षण लवकरच आला. २३ एप्रिल १९३० रोजी गफारखान यांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. माणसे कोसळत होती, तरी जमाव उलटून हल्ला करत नव्हता. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत मोठी तफावत राहिली. तेथे तैनात असलेल्या गढवाली तुकडीने मात्र गोळी झाडण्यास नकार दिला. समोर बहुसंख्य मुसलमान आणि हाती बंदुका असलेले सैनिक हिंदू! चंद्रसिंह गढवाली यांनी त्यापायी जन्मठेप पत्करली. दडपशाहीने चळवळ मोडली नाही; उलट सदस्यसंख्या झपाट्याने वाढत गेली.

१९३४ मध्ये सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी होती. तेव्हा गफारखान वर्ध्यास गांधीजींच्या सहवासात राहिले. मुंबईतील एका भाषणाबद्दल राजद्रोहाचा आरोप ठेवून त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना वर्ध्यातच अटक झाली.

१९४६ च्या निवडणुकीत मुस्लिमबहुल सरहद्द प्रांताने काँग्रेसला कौल दिला. तथापि पुढच्याच वर्षी फाळणी मान्य झाली आणि खुदाई खिदमतगार एकाकी पडले. भारत की पाकिस्तान, एवढाच पर्याय ठेवणाऱ्या सार्वमतावर त्यांनी बहिष्कार टाकला. पुढे पाकिस्तानच्या तुरुंगांतही गफारखान यांनी अनेक वर्षे काढली. १९८७ मध्ये भारताने त्यांना ‘भारतरत्न’ देऊन गौरविले.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार जलालाबाद येथे दफन झाले. अंत्ययात्रेसाठी अफगाण युद्धात शस्त्रविराम जाहीर झाला, तरीही स्फोटांत माणसे दगावलीच. ज्या सूडचक्रातून आपल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी ते आयुष्यभर झटले, त्याने त्यांची अखेरची वाटही मोकळी सोडली नाही. मात्र ते चक्र थांबवता येते, हे किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र उभ्या राहिलेल्या पठाणांनी एकदा सिद्ध केले होते.