कै. दादासाहेब फाळके यांचे विद्यार्थिपण

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, पुढे मुद्रणाचा व्यवसाय केला, हे आपण जाणतोच. परंतु त्यांचे खरे अध्ययन आरंभले ते चाळिशीत. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून आपल्या देवतांचीही चरित्रे पडद्यावर आणावीत, असे त्यांच्या मनाने घेतले. ही विद्या शिकविणारी संस्था हिंदुस्थानात कोठली असणार? पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली ती १९६० साली! तेव्हा नित्य चित्रपट पाहणे हाच पाठ. त्या अतिश्रमाने त्यांची दृष्टी अधू झाली. सुदैवाने उपचारांनी ती परत लाभली.

पुढे विम्याची पॉलिसी गहाण ठेवून, घरी बायकामुले असता, फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. वय ४१, या वयात आम्ही शिक्षक मंडळी निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतो. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत थोडेच दिवस निरीक्षण करून, विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. मग वाटाणा पेरून, त्याची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून लघुपट केला. तो पाहून भांडवल मिळाले. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच!

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. पुढे कीर्ती आली, ओढग्रस्तही आली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले.