रोज ५ हजार बैठका! गामा पैलवानाच्या पायांत एवढी ताकद आली कुठून?

१८८८ चं साल. जोधपूरच्या महाराजांनी पैलवानांसाठी बैठकांची स्पर्धा ठेवली होती. ४०० हून जास्त पैलवान उतरले. एकेक जण थकून बाजूला होत गेला आणि शेवटी जे १५ उरले, त्यात १० वर्षांचा एक पोरगा होता. महाराजांनी त्यालाच विजेता ठरवलं. त्याचं नाव गुलाम मोहम्मद बख्श बट, म्हणजेच गामा पैलवान.

गामाचा जन्म १८७८ चा, अमृतसर परिसरातला. घराणं पैलवानांचंच. वडील लवकर गेले, मग आजोबा आणि मामांनी तालीम दिली. जोधपूरनंतर दतिया संस्थानाच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला.

५ हजार बैठका खरंच शक्य आहेत?

गामा रोज ५ हजार बैठका आणि ३ हजार जोर मारायचा, असं सांगितलं जातं. हिशोब करून बघा. एका बैठकीला ३ सेकंद धरले, तरी ५ हजार बैठकांना ४ तास १० मिनिटं लागतात. जोर आणि लढती वेगळ्याच. त्यामुळे आकडा थोडा सांभाळून घेतलेला बरा. पण त्याने हजारांत बैठका मारल्या, यात शंका घ्यायला फारशी जागा नाही.

जिममधल्या स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीला टेकलेल्या, खांद्यावर वजन आणि मोजके रेप्स असतात. आखाड्यातल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो आणि हातांच्या झोक्याने लय मिळते. मांड्या, पोटऱ्या आणि दम तिन्ही एकदम तयार होतात. कुस्तीत समोरच्याला उचलायचं किंवा रेटायचं, तर जोर पायांतूनच येतो.

ताकद वाढवायला वजनही लागायचंच. त्यासाठी गामा गळ्यात ‘हसली’ घालायचा. हसली म्हणजे मेदूवड्यासारखं मधे भोक असलेलं जड कडं. त्याची हसली ९५ किलोची होती! ती गळ्यात घालून नुसतं उभं राहणंसुद्धा आपल्यापैकी बहुतेकांना जमणार नाही.

बडोद्यातला दगड

१९०२ मध्ये बडोद्यात गामाने १२०० किलोचा दगड उचलल्याचं सांगतात. तो दगड सयाजीबागेतल्या संग्रहालयात आजही आहे. मात्र आजच्या स्ट्राँगमन स्पर्धांत डेडलिफ्टचा विक्रम ५०० किलोच्या थोडा वर आहे, तोही हाताला नीट पकड देणाऱ्या बारवर. त्यामुळे इथे ‘उचलला’ म्हणजे एका बाजूने कलवला किंवा जागचा हलवला, असं समजणं जास्त पटतं.

लंडनमध्ये काय झालं?

१९१० मध्ये गामा लंडनला गेला. उंची जेमतेम ५ फूट ७ इंच, म्हणून स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. मग त्याने तिथल्या पैलवानांना जाहीर आव्हान दिलं. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरची त्याने दोनदा पाठ लावली. १० सप्टेंबरला समोर होता पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं, पण झिबिस्को मॅटवर पोट टेकून पडला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ हेच चाललं आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली, झिबिस्को आलाच नाही. मानाचा जॉन बुल पट्टा गामाला मिळाला.

उरलेला हिशोब १९२८ मध्ये पतियाळात पूर्ण झाला. पन्नाशीतल्या गामाने झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चितपट केलं.

फाळणीनंतर गामा लाहोरला राहिला. दंगलीत त्याने शेजारच्या हिंदू कुटुंबांना वाचवल्याचं सांगितलं जातं. पण पैलवानांचा खुराक चालायचा तो राजेरजवाड्यांच्या पैशांवर, आणि संस्थानंच गेली. शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशांच्या ओढाताणीत गेली. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये त्याचं निधन झालं.

त्याची ९५ किलोची हसली मात्र भारतातच राहिली. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ती ठेवलेली आहे. ही संस्था ज्या वास्तूत आहे, तो एकेकाळी पतियाळाच्या महाराजांचा राजवाडा होता.