पाठीतून पाणी काढण्याची तपासणी आणि ती शोधणारे डॉ. क्विंके

मुलाला चार दिवस ताप आहे, एक झटका येऊन गेला, मान ताठ वाटते आहे. बालरोगतज्ज्ञ तुम्हाला बाजूला बोलावून सांगतात की पाठीतून पाणी काढून तपासावे लागेल, आणि संमतीपत्र पुढे करतात. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला प्रश्न एकच असतो : यामुळे मुलाचे पाय तर जाणार नाहीत ना? गावात, चाळीत कोणीतरी पाठीत सुई मारल्यामुळे लंगडा झाला असे कोणीतरी सांगितलेले असते. मग गावाकडे फोन होतात, मोठ्यांची वाट पाहिली जाते आणि अर्धा दिवस जातो. मेंदूज्वरात अर्धा दिवस ही लहान गोष्ट नाही.

या तपासणीला लंबर पंक्चर म्हणतात. ती रूढ करणाऱ्या डॉक्टरांची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे, कारण सुई पाठीत नेमकी तिथेच का घालतात याचे उत्तर त्यांच्या कामात आहे.

हाइनरिश क्विंके यांचा जन्म १८४२ साली जर्मनीतील ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट या गावी झाला. वडील डॉक्टर होते. थोरले भाऊ गेओर्ग पुढे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ झाले. हाइनरिश यांनी वैद्यकाची वाट धरली, १८६३ मध्ये बर्लिनला पदवी घेतली आणि नंतर तिथल्याच शारिटे रुग्णालयात फ्रेरिक्स या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केले. १८७३ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे प्राध्यापक झाले. १८७८ मध्ये ते समुद्राकाठच्या कील या जर्मन शहरात आले आणि पुढची तीस वर्षे तिथेच राहिले.

त्यांचे नाव वैद्यकात इतर ठिकाणीही भेटते. ॲलर्जीने ओठ, पापण्या अचानक फुगतात, त्या सुजेचे सविस्तर वर्णन त्यांनी १८८२ मध्ये केले. हृदयाची एक झडप गळत असेल तर नखाखालचा लालसरपणा ठोक्यागणिक कमीजास्त होताना दिसतो, हे त्यांचे निरीक्षण आम्हाला आजही शिकवले जाते. पण आपल्याला हवी आहे ती पाण्याची गोष्ट.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती स्वच्छ, बिनरंगी पाणी असते. क्विंके यांच्या तरुणपणी हे पाणी कसे फिरते याबद्दल फारशी स्पष्टता नव्हती. १८७२ मध्ये त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. पाण्याच्या पोकळीत हिंगुळाचे लाल कण सोडले आणि ते कुठे पोहोचतात ते पाहिले. कण मेंदूकडून पाठीकडे गेले, पाठीकडून मेंदूकडेही गेले. म्हणजे डोक्यातले आणि कण्यातले पाणी एकच. विहीर एक असेल तर पोहरा कुठूनही टाकता येतो, असे म्हणा ना.

या माहितीचा उपयोग व्हायला जवळपास वीस वर्षे लागली. त्या काळी डोक्यात पाणी साचलेली मुले डॉक्टरांकडे येत. डोके मोठे होत जाई, मूल सुस्त पडे. दाब कमी करायला थेट डोक्यात सुई घालून पाणी काढण्याचा मार्ग होता, पण त्यात सुई मेंदूतूनच न्यावी लागे. क्विंके यांनी विचार केला की पाणी एकच आहे, तर कमरेतून का काढू नये?

इथे तुमच्या भीतीचे उत्तर आहे. मज्जारज्जू कण्याच्या पूर्ण लांबीइतका लांब नसतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, नवजात बाळात साधारण तिसऱ्या मणक्याजवळ. त्याच्या खाली पाण्याने भरलेली पिशवी असते आणि तिच्यात पायांकडे जाणाऱ्या नसा घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या मोकळ्या तरंगत असतात. सुई आली की त्या बहुधा बाजूला सरकतात. क्विंके यांनी कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधली फट निवडली. आजही सुई त्याच भागात घालतात. तान्ह्या बाळात त्याहून वर जात नाहीत, जमल्यास एक फट खाली. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या मणक्याजवळून जाते, म्हणून डॉक्टर आधी तिथे बोटांनी चाचपून जागा ठरवतात. जिथे मज्जारज्जूच नाही तिथे त्याला इजा कशी होणार? मेंदूज्वरानंतर काही मुलांत अपंगत्व राहते हे खरे आहे, पण ते आजारामुळे. दोष मात्र सुईला लागतो, कारण सुई डोळ्यांना दिसते.

क्विंके यांच्या पहिल्या रुग्णांत सुमारे पावणेदोन वर्षांचा एक मुलगा होता. न्यूमोनिया झालेला, बेशुद्ध. त्यांनी दर तीन दिवसांनी असे तीनदा त्याच्या कमरेतून थोडे थोडे पाणी काढले. मुलगा बरा झाला. १८९१ मध्ये वीसबाडेन येथे भरलेल्या डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. त्याच वर्षी लंडनच्या वॉल्टर एसेक्स विंटर यांनीही क्षयाच्या मेंदूज्वराच्या चार रुग्णांत कमरेतून पाणी काढल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी त्वचेला छेद देऊन नळी घातली होती, आणि चारही रुग्ण दगावले. क्विंके यांची बारीक सुईची रीत सोपी होती. तीच टिकली.

क्विंके यांनी हे सुरू केले होते उपचार म्हणून. पण काढलेले पाणी वाढले की आराम संपे. हळूहळू लक्षात आले की खरी किंमत त्या पाण्यातून मिळणाऱ्या माहितीला आहे. त्यांनी सुईला नळी जोडून दाब मोजला, पाण्यातली प्रथिने आणि साखर पाहिली. आज प्रयोगशाळा तेच करते, जोडीला पेशी मोजते, जंतू वाढवून पाहते आणि क्षयाची जनुकीय चाचणी लावते. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. जिवाणूंच्या आणि क्षयाच्या मेंदूज्वरात ती उतरते. म्हणून त्याच वेळी मुलाच्या बोटातून किंवा शिरेतून थोडे रक्तही घेतात. दोन सुया कशाला, असे वाटू देऊ नका.

सुरुवातीच्या वर्षांत धोकेही दिसले. मेंदूत गाठ असलेले काही रुग्ण पाणी काढल्यावर दगावले, कारण वर दाब फार असताना खालून पाणी सोडले की मेंदूचा भाग खाली ओढला जाऊ शकतो. म्हणूनच आज डॉक्टर आधी मूल कितपत शुद्धीवर आहे ते पाहतात, डोळ्यांच्या आतला पडदा तपासतात, गरज वाटली तर सीटी स्कॅन करतात, प्लेटलेट कमी नाहीत ना ते बघतात. सुईच्या जागी त्वचेवर पू-फोड असेल तर थांबतात. तपासणीला उशीर होणार असेल तर प्रतिजैविक मात्र लगेच सुरू करतात. तुमच्या मुलाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगा.

कीलमध्येच १८९८ मध्ये शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांनी क्विंके यांच्या रीतीने कमरेत सुई घालून कोकेन सोडले आणि कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया केली. प्रयोग त्यांनी स्वतःवरही करून घेतला आणि पुढे कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरुणावर पडून राहिले. ती डोकेदुखी पाणी झिरपत राहिल्याने होते. आडवे पडले की कमी, बसले की जास्त. मोठ्या मुलांत ती आजही होऊ शकते आणि बहुधा काही दिवसांत जाते. बीअर यांच्या त्या प्रयोगातून आजची पाठीतली भूल आली. आई, तुमचे सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन झाले असेल तर सुई तुमच्याही याच भागात गेली होती, आणि तुम्ही चालत घरी आलात. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ट्रेमधल्या एका सुईला अजून क्विंके यांचेच नाव आहे.

प्रत्यक्ष तपासणीत मुलाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात. नर्स घट्ट धरून ठेवते. ते पाहायला वाईट वाटते, पण मूल हलले तर सुई पुन्हा घालावी लागते. भूल देणारे मलम किंवा इंजेक्शन आधी देता येते का, हे जरूर विचारा. खोलीत थांबायची परवानगी मिळाली तर मुलाच्या डोक्याशी बसा, पाठीशी नको. बाटल्यांमध्ये काही मिलिलिटरच पाणी जाते, आणि शरीर ते लवकर भरून काढते.

क्विंके १९०८ मध्ये कील सोडून माइन नदीकाठच्या फ्रांकफुर्टला गेले आणि १९२२ मध्ये ७९व्या वर्षी तिथे वारले. तोपर्यंत त्यांच्या सुईने निदान होत होते, पण पू असलेल्या मेंदूज्वरावर किंवा क्षयाच्या मेंदूज्वरावर भरवशाचे औषध जवळजवळ नव्हते. डॉक्टरला आजाराचे नाव कळे आणि तो आईबापांना सांगून गप्प बसे. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आले १९४०च्या दशकात. आज पेशी आणि साखर यांचा निकाल काही तासांत येतो, जंतूंची वाढ कळायला दोन-तीन दिवस लागतात, क्षयाची वाढ दिसायला आठवडे. घरी गेल्यावर सुईच्या जागेतून पाणी झिरपले, डोकेदुखी वाढली, ताप परत आला किंवा पायात कमजोरी वाटली तर त्याच दिवशी रुग्णालयात परत या.