कानांनी शिकलेली लेखिका

आपल्याला शाळा मिळाली. जिला ती घरातच, केवळ कानांनी मिळवावी लागली, तिच्याविषयी मी लिहीत आहे.

फ्रान्सिस ब्राउन यांचा जन्म १८१६ मध्ये आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात, स्ट्रॅनॉर्लर गावी झाला. वडील गावचे पोस्टमास्तर. बारा भावंडांत त्या सातव्या. दीड वर्षाच्या असताना देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. संध्याकाळी भावंडे धडे मोठ्याने घोकत. ते ऐकून यांचे पाठ होत. पुस्तके वाचून दाखवावीत म्हणून त्या भावंडांच्या वाटणीची कामे करत.

पुढे कविता छापून येऊ लागल्या. १८४७ मध्ये बहिणीला लेखनिक म्हणून सोबत घेऊन त्या एडिंबरोला गेल्या, १८५२ मध्ये लंडनला. लेखणीवरच चरितार्थ चालवला. १८५६ मध्ये ‘ग्रॅनीज वंडरफुल चेअर’ आले. त्यात आजीची खुर्ची गोष्टी सांगते आणि नात ऐकते! १८७९ मध्ये त्या वारल्या; पुस्तक मात्र टिकले.

गुरुजनहो, आपण वर्गात मोठ्याने वाचून दाखवत होता, त्याचे मोल मला या चरित्राने कळले. मित्रहो, ओळखीत एखादे अंध मूल असेल, तर आठवड्यातून एक तास आपणही त्याला वाचून दाखवूया.